खालून येणारा हुकूम

हवालदार रजेवर आला त्या दिवशी विहीर साडेसात परस खोल गेली होती. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढं एक परस. थोरली रोज संध्याकाळी दोराला दगड बांधून खोली मोजायची आणि यारीच्या खांबावर खिळ्याने रेघ ओढायची. गेल्या आठ दिवसांतल्या रेघा एकमेकींना चिकटल्या होत्या. काळा पाषाण लागला होता, आणि खाली खोदायला एकच माणूस उरला होता.

खाली दोघं लागतात. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा. मग दोघांनी मिळून फुटलेल्या दगडांचं डबर बादलीत भरायचं. पण थोरलीच्या काकांचा गुडघा सुजून भोपळ्यासारखा झाला होता आणि ते घरी पाय उंच करून पडले होते. दाजी एकटा होता. दाजी म्हणजे थोरलीचा नवरा. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे हाच हवालदार, त्याला दाजी म्हणायचा म्हणून हळूहळू सगळेच म्हणू लागले, थोरलीसुद्धा.

वर थोरली यारीवर. यारी म्हणजे एक उभा खांब, एक आडवा हात, पोलादी दोर, जुनं डिझेल इंजिन आणि ब्रेकचा दांडा. दोराच्या टोकाला माणूस बसेल एवढी लोखंडी बादली. ती भरून तळातून काठावर यायला थोरलीच्या मोजण्याने नव्वद आकडे लागायचे. ती दर वेळी मोजायची, ओठ न हलवता. तिच्या दोघी जावा बादली ओतून डबर ढिगावर टाकायच्या आणि दिवसभर बोलायच्या.

या घराचे दोन नियम होते आणि ते बाबांनी कधी कोणाला समजावून सांगितले नव्हते. दोन हंगाम तळात काढल्याशिवाय ब्रेकला हात लावायचा नाही. आणि हुकूम खालून येतो. खालचा माणूस "ओढ" म्हणाला की वरच्याने, बाई असली तरी, "ओढतोय" म्हणायचं आणि मगच दांडा सोडायचा. दांडा हातात असेपर्यंत वरच्या कोणालाही उत्तर द्यायचं नाही, मग तो विहिरीचा मालक असो की घरचं कोणी. कान खाली ठेवायचा.

थोरलीने तीन हंगाम तळात काढले होते. डोक्यावरून जाणाऱ्या बादलीच्या तळाला किती पोचे आहेत हे ती डोळे मिटून सांगू शकली असती.

मालक बागवाला होता. पावसाच्या आत पाणी लागलं नाही तर वरची माती खचणार आणि महिनाभराचं काम बुजणार, हे त्याला ठाऊक होतं. तो दिवसातून दोनदा काठावर येऊन वाकून बघायचा, थुंकायचा आणि जायचा.

आईने लेकाला बसमधून उतरवून घरी नेलंच नाही, सरळ विहिरीवर आणलं. उन्हात उभा राहिला तो. खाकी कपडे, चकचकीत बूट, बाहीवर तीन फिती, हातात लोखंडी पेटी.

"अगं बाई, इस्त्री बघ," धाकटी जाऊ म्हणाली. "घडी टोचत असेल कोपराला."

"गप. हवालदार आहे तो," थोरल्या जावेने दटावलं.

बाबा उपड्या घमेल्यावर बसले होते. चाळीस वर्षं दगडाची पूड ओढून त्यांच्या छातीत आता श्वास घासत जायचा. त्यांनी फिती मोजल्या.

"किती वर्षं झाली?"

"सहा. बरोबरचे सगळे अजून साधे शिपाई आहेत, बाबा. एकाला आत्ता पहिली फीत मिळाली, तर तिचा फोटो काढून घरी पाठवला त्यानं."

"आणि तुला तीन. सहा वर्षं कुठे होतास?"

"दोन वर्षं साहेबांच्या कचेरीत. मग शिकवणीच्या तुकडीत. परेड, नकाशा, नेमबाजी, सगळ्यात पहिला. एक जागा रिकामी झाली, साहेबांनी माझंच नाव दिलं. आता परत गेलो की वरच्या ठाण्यावर. अकरा माणसं माझ्या हाताखाली."

"ती कधीची आहेत?"

"कोणाला आठ वर्षं झाली, कोणाला दहा. एक नाईक आहे, अठरा वर्षं झाली त्याला. अजून दोनच फिती." तो हसला. "बसलाय तसाच."

बाबा हसले नाहीत. तळातून "ओढ" आलं, थोरली "ओढतोय" म्हणाली आणि भावाकडे पाठ करून तिने दांडा सोडला. बादली वर येऊन टेकल्यावर ती वळली.

"आलास?" ती म्हणाली.

"कधीचा उभा आहे! एक शब्द नाही बोललीस."

"नव्वद आकडे झाले फक्त."

दुसऱ्या दिवशी तो मदत करतो म्हणाला. बाबांनी तळाकडे बोट दाखवलं. दाजीला जोडीदार हवाच होता. पण आईच्या कपाळावर आठी आली. "हवालदार खड्ड्यात उतरणार? बागवाला बघेल, रस्त्यानं माणसं जातात, ती बघतील. त्याला इथं दुसरं काम नाही का?"

त्याने स्वतःच दुसरं काम शोधलं. सकाळभर तो ढिगाजवळ उभा राहून घड्याळात बघत होता. दुपारी जेवणाचे डबे उघडले तेव्हा त्याने सिमेंटच्या रिकाम्या पिशवीचा कागद फाडून त्यावर तक्ता काढला. कोणी किती वाजता काय करायचं, पाणी केव्हा प्यायचं, किती वेळ बसायचं.

"लघवीला केव्हा जायचं ते नाही लिहिलं," थोरली जाऊ म्हणाली.

"परवानगी काढावी लागत असेल," धाकटी म्हणाली. "काय हो तीन फिती, हात वर करायचा की पाय?"

तीन फिती हे नाव त्या दुपारी पडलं ते पडलंच.

त्याचं म्हणणं असं, की बादली तळात फार वेळ बसून राहते. खालचा माणूस आपल्या सवडीने भरतो, आपल्या सवडीने हाक मारतो, आणि वरचे चार जण त्याची वाट बघत बसतात. "असं कुठे असतं? वेळ वरच्यानं ठरवायची असते. बादली टेकली की चार मिनिटं. मग मी शिट्टी मारीन. शिट्टीनंतर पाच सेकंद. मग वर."

"खालचा तयार नसेल तर?" थोरलीने विचारलं.

"चार मिनिटांत तयार व्हायचं. शिस्त त्याचसाठी असते."

"दगड चार मिनिटांचे नसतात सगळे."

"हेच, हेच ते. प्रत्येक जण कारण सांगतो."

बागवाला मागे उभा राहून ऐकत होता. त्याला शिट्टी आवडली. एवढ्या दिवसांत त्याच्या विहिरीवर काहीतरी वाजणार होतं. "पोराला करू द्या की," तो बाबांना म्हणाला. "सरकारनं उगीच नाही तीन फिती दिल्या. तुमची लेक खाली जाईल, दाजीला जोड मिळेल. काय वाईट आहे?"

हिशेब बरोबर होता, म्हणून वाईट काय ते पटकन सांगता येईना. खाली माणूस हवा होता आणि थोरली तळाची पक्की होती. बाबांनी बोलायला तोंड उघडलं आणि खोकला आला. तो थांबेपर्यंत हवालदार दांड्याजवळ जाऊन उभा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने पदर खोचला, डोक्याला फडकं बांधलं आणि बादलीत पाय ठेवला.

"तू ब्रेक कधी धरलायस?" तिने विचारलं.

"ट्रक चालवतो मी."

"ट्रकखाली माणूस नसतो," ती म्हणाली आणि खाली गेली.

पहिल्या दिवशी चव्वेचाळीसच्या जागी एकावन्न बादल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न. हवालदाराने तक्त्यावर आकडे लिहिले, बागवाल्याने ते दोनदा वाचले. आई संध्याकाळी वाटेत भेटेल त्याला अठ्ठावन्न सांगत होती. थोरली वर आली की तिच्या पिंढऱ्या थरथरत असत. तरीही ती पहिल्यांदा खांबापाशी जाऊन दोर सोडायची. दोन दिवसांत खोली चार बोटं वाढली होती. त्याआधीच्या दोन दिवसांतही, दाजी एकटा असताना, चार बोटंच वाढली होती. मग तिने काठी घेऊन डबराचा ढीग मोजला.

"बादल्या पाऊण भरून येतायत," ती भावाला म्हणाली. "चार मिनिटांत तेवढंच भरतं. खाली माणूस एक जास्त, वर बादल्या चौदा जास्त, आणि दगड तेवढेच."

"अठ्ठावन्न निघाल्या की नाही?"

"ढीग मोज."

"ढीग काय मोजायचा? मी बादल्या मोजतो."

दाजी पायातली पूड झटकत होता. "अहो, राहू द्या," तो थोरलीला म्हणाला. बायकोला अहो म्हणायची त्याची थट्टेची सवय होती. "साहेब आपल्याला वर्षअखेरीस बिल्ला देणार आहेत."

तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला एक लांबट दगड निघाला, मांडीएवढा. असा दगड बादलीत उभा भरून चालत नाही, वर जाताना तो कलंडतो. तो आडवा बसवून बाजूला लहान दगडांची पाचर ठोकावी लागते. दाजीने डाव्या हाताने दगड दाबून धरला होता, बादलीच्या कडीखालून हात घालून. थोरली पाचरीचा दगड शोधायला वाकली होती.

शिट्टी वाजली.

"थांब!" ती ओरडली. पण शिट्टीनंतर खालून येणारं काही ऐकायचं असतं हे नव्या तक्त्यात नव्हतंच. वर पाच आकडे मोजले जात होते. दोर ताठ झाला, पडलेली कडी उभी राहिली आणि दाजीची बोटं कडी आणि दगडाच्या मधे सापडली. बादली निघाली तसा दाजी आधी टाचांवर, मग चवड्यांवर आणि मग तळापासून हातभर वर गेला. तो ओरडला नाही. त्याच्या तोंडातून हवा निघाल्यासारखा आवाज आला. थोरलीने त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला उचलून धरलं आणि मान मागे टाकून जी किंकाळी फोडली ती रस्त्यापर्यंत गेली.

वर हवालदाराने दांडा खेचला. इंजिन गचका खाऊन बंद पडलं, बादली हिसका देऊन थांबली आणि डोलायला लागली. एवढं त्याने केलं. पुढे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं. दांडा पुरता सोडला तर बादली दोघांच्या अंगावर जाणार. थोडा किती सोडायचा, ते हाताला माहीत असावं लागतं, आणि हा हात कचेरीत वाढला होता. तो दांड्याला धरून उभा राहिला. शिट्टी अजून दातांत होती. तो धापा टाकत होता, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती बारीक वाजत होती.

बाबा घमेल्यावरून उठले. दहा पावलं चालून येईपर्यंत त्यांची छाती भात्यासारखी झाली. "विचार," ते म्हणाले.

हवालदाराने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. चीं, चीं.

"किती खाली घेऊ, विचार त्यांना."

चीं.

बाबांनी त्याच्या हाताची बोटं एकेक करून दांड्यावरून काढली. त्यांना ओरडायला दम नव्हता. त्यांचे शब्द धाकट्या जावेने काठावर पालथं पडून खाली पोचवले. "किती घेऊ?"

"वीतभर," थोरलीचा आवाज आला. "हळू. अजून वीतभर. बस."

मोठ्या दवाखान्यात दाजीच्या दोन बोटांची वरची पेरं काढली. दुपारभर सगळे आवारात बाकावर बसून होते. हवालदाराच्या बुटांवर धूळ होती आणि तो ती एका बुटाने दुसऱ्या बुटावरून पुसत होता.

"पाच सेकंद दिले होते मी," तो म्हणाला. "शिट्टी वाजली की हात काढायचा, इतकं साधं आहे. हुकूम पाळला असता तर काही झालं नसतं."

"तेच तर," आई म्हणाली. "दाजींनी हात काढायला नको का?"

थोरलीने आईकडे बघितलं, मग भावाकडे. त्याच्या बाहीवर तिची नजर जरा वेळ थांबली, कपड्यावर पडलेल्या डागावर थांबते तशी.

दाजी हाताला मोठं बँडेज बांधून बाहेर आला. चेहरा राखेसारखा, पण तोंड चालू होतं. "हवालदारसाहेब, सलाम उजव्या हातानं करतात ना?"

"हो."

"मग वाचलो. डावा गेलाय."

दुसऱ्या दिवशी थोरली ब्रेकवर गेली. तिने काही जाहीर केलं नाही, जाऊन दांड्याला हात घातला. खाली माणूस नव्हता. बागवाला आला होता, जावा उभ्या होत्या, आईसुद्धा होती. बाबा घमेल्यावर बसले आणि लेकाला म्हणाले, "उतर."

"अहो, त्याची रजा आहे ती, आराम करायला..." आईने सुरुवात केली.

"दुसरं कोण आहे? तू उतरतेस?"

हवालदाराने बागवाल्याकडे बघितलं. बागवाला, ज्याला परवापर्यंत शिट्टी आवडत होती, आभाळाकडे बघायला लागला. पश्चिमेला ढग जमत होते. हवालदाराने खाकी सदरा काढला, घडी घातली, फितींची बाही वर येईल अशी ढिगावर ठेवली आणि बनियनवर बादलीत उभा राहिला.

पहिली बादली भरायला त्याला पाऊण तास लागला. पहारीचे आवाज येत होते, बरेचसे चुकलेले. मग ते थांबले आणि खालून शिट्टी वाजली.

थोरली हलली नाही.

पुन्हा शिट्टी वाजली, यावेळी लांब.

"जाऊबाई, पाखरू ओरडतंय कुठे तरी," धाकटी जाऊ म्हणाली.

थोरली कान खाली देऊन उभी होती. ऊन खांबावरच्या रेघांवर आलं होतं. बाबा खोकले आणि थांबले. खाली कोणी तरी दगडावर बसल्याचा आवाज आला, मग उठल्याचा. बराच वेळ गेला. बागवाला वैतागून काही बोलायला लागला, तर थोरल्या जावेने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला.

"ओढ," खालून आलं. लहान आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये असं.

"ओढतोय," थोरली म्हणाली आणि दांडा सोडला.

तो दहा दिवस उतरला. त्याला दुसरा मार्ग नव्हता म्हणून उतरला, यात कोणाला काही मोठेपणा दिसला नाही. त्याच्या तळव्यांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी त्याने वर येऊन विचारलं, की बादली वर जाताना मधेच खडखडते ती का; थोरलीने सांगितलं, की तिथे कडेला दगड पुढे आलाय, ती तिथे आली की भिंतीला चिकटून उभं राहायचं. "हे आधी सांगायचं ना," तो म्हणाला. त्याने ब्रेक धरला त्या तीन दिवसांत बादली एकशे बावीस वेळा तिथून गेली होती.

सातव्या दिवशी डबा खाताना त्याने थोरलीपाशी आपणहून त्या नाईकाचा विषय काढला. शिकवणीची तुकडी सोडून आठ दिवस तो ठाण्यावर राहून आला होता, कारभार समजून घ्यायला. "मी हुकूम दिला, की बाकीचे दहाही जण आधी त्या म्हाताऱ्याकडे बघायचे. त्यानं मान हलवली की मग हलायचे. आणि तो रोज मला बाजूला घेऊन सांगायचा, साहेब, गस्तीची वाट ठरवायच्या आधी त्यांना विचारा, ते त्या वाटेनं रोज जातात."

"मग?"

"मला अपमान वाटला."

"मग?"

"त्याची बदली मागितली. अर्ज देऊनच रजेवर आलो."

थोरलीने हातातला घास डब्यात ठेवला. "मागे घेता येतो?"

"येतो. एक फोन केला की झालं. पण काय म्हणतील? नवीन हवालदार, पहिला अर्ज, आणि तोच मागे घेतला." त्याने तळव्यावरची कातडी नखाने सोलली. "पुढची बढतीही दोन वर्षांत आहे माझी. साहेब म्हणालेत."

ती ढिगाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर अकरा माणसं होती. कोणाचेच चेहरे तिला माहीत नव्हते, म्हणून प्रत्येकाला दाजीचा डावा हात होता.

"तीन फिती," ती पहिल्यांदाच त्या नावाने म्हणाली, "तुझ्या शिकवणीची फी दाजींनी भरली. दोन बोटं. एवढ्यात शिकला असशील तर फोन कर."

त्याने केला नाही. दुकानात फोन होता, रस्त्यापलीकडे, विहिरीवरून दिसणारा.

तो निघाला त्या दिवशी काका पायाला पट्टी बांधून कामावर आले होते आणि त्यांच्या जोडीला धाकटी जाऊ तळात होती. पहारीच्या टोकाला दोन दिवस ओल लागत होती. हवालदार पेटी घेऊन आला. खाकी इस्त्रीची होती, बूट चकचकीत होते, तळवे मात्र पेटीची मूठ नीट धरत नव्हते. आई घरी डोळे पुसत राहिली होती. बाबांना त्याने वाकून नमस्कार केला, दाजीने उजव्या हाताने सलाम ठोकला.

मग तो यारीपाशी आला. तळातून धाकट्या जावेचं खणखणीत "ओढ" आलं होतं आणि थोरलीने नुकता दांडा सोडला होता. तिचा एकविसावा आकडा चालू होता.

"ताई," तो तिच्या पाठीला म्हणाला. "निघालो मी."

पंचवीस. सव्वीस.

"ताई, तो अर्ज... मागे घेऊ का? तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

तिचा खांदा किंचित हलला. दोरावरची नजर हलली नाही. बादली पुढे आलेल्या दगडापाशी येत होती, तिथे हात जड ठेवावा लागतो. चौतीस. पस्तीस. तो मागे उभा होता, हे तिला त्याच्या बुटांच्या करकरीवरून कळत होतं. बावन्न. त्रेपन्न. दांडा हातात असताना उत्तर येत नाही, हे त्याला आता माहीत होतं. तो स्वतः दहा दिवस त्या दोराखाली उभा होता. एकसष्ट. करकर थांबली. सत्तरच्या पुढे दोराच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही.

नव्वदला बादली काठावर टेकली. तिने दांडा अडकवला, तोंड पुसलं आणि "घे मागे" म्हणायला वळली.

तो नव्हता. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, पेटी खाली ठेवून घड्याळात बघत उभा होता. बस आली नव्हती.

थोरल्या जावेने बादली ओतली. रिकामी बादली खाली गेली, भरली, वर आली. पुन्हा गेली. तो तिथेच होता, विहिरीकडे पाठ करून, हाकेच्या अंतरावर. दुकानही तिथून वीस पावलांवर होतं. थोरली प्रत्येक वेळी दांडा अडकवून त्या दिशेला बघायची. चौथ्या बादलीला बस आली, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा झाडाखाली कोणी नव्हतं.

"काय म्हणत होता गं?" बाबांनी विचारलं.

तळातून "ओढ" आलं.

"ओढतोय," थोरली म्हणाली, आणि एकपासून मोजायला लागली.